मावसभावाला दाखवून सांगतो

१

दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलतो आणि विचारतो, "ही बरी की ती?" चष्म्याच्या दुकानात दुसरं काम काय असतं. माणसं गोंधळतात. "दोन्ही सारख्याच वाटतात हो," असं पडेल आवाजात सांगतात. मी तोंडाने "घाई नाही" म्हणतो आणि मनातल्या मनात त्यांना बावळट ठरवून मोकळा होतो. गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा कळलं, त्या खुर्चीत बसलं की कुणीही बावळटच दिसतो.

गाडी कुठली हे ठरलं होतं. मधल्या मापाची स्पोर्ट सेडान, आतून दिवाणखाना आणि बाहेरून दबा धरून बसलेला चित्ता. माझ्या वयाची माणसं गुडघ्याला पट्टा घेतात, मला टर्बो हवा होता. प्रश्न एवढाच होता की नवी घ्यायची की वापरलेली. काचेच्या शोरूममध्ये नवी उभी होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न निघालेली. आणि शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर, जुन्या गाड्यांच्या आवारात, तीच गाडी, तोच गडद निळा रंग, थोडीफार धावलेली, स्टिअरिंगचं चामडं एका बाजूला हाताने गुळगुळीत झालेलं.

"दुसऱ्याची उष्टी गाडी मला नको," बायको म्हणाली.

"नवी गाडी शोरूमच्या दाराबाहेर पडली की तीही उष्टीच."

"मग दारातच उभी कर आणि रोज बघून ये."

लेक म्हणाली, "बाबा, कुठलीही आण, पण मी जायच्या आत आण. मला शिकून जायचंय." तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. खरं सांगायचं तर चित्ता, टर्बो हे सगळं लोकांना सांगायला. मला तिच्या शेजारच्या सीटवर बसायचं होतं. ती जाण्याआधीचे उरलेले रविवार, ती स्टिअरिंगवर आणि मी शेजारी, "ब्रेक, ब्रेक" करत. तेवढ्यासाठी गाडी.

जुन्या गाड्यांच्या आवाराचा मालक उन्हाळ्यातही जाकीट घालायचा, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव जाकीटच पडलं. त्याने किंमत सांगितली. मी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. बॉनेटवरून हात फिरवला, टायरला उगाच बुटाने टोचलं आणि ठेवणीतलं वाक्य काढलं.

"गाडी छान आहे. पण आमच्या मावसभावाला दाखवून सांगतो."

२

आता, मला मावसभाऊ नाही.

चुलतभाऊ आहेत, मामेभाऊ तर पायलीला पन्नास. पण त्यांच्यातल्या कुणाचं नाव घेतलं तर तो नेमका त्याच दुकानात खरेदीला जायचा आणि माझं पितळ उघडं पडायचं. आई मात्र घरातली एकटी मुलगी. मावशीच नाही म्हटल्यावर मावसभाऊ कुठून टपकणार? बोलाचाच भात नि बोलाचीच कढी, तसा हा बोलाचाच भाऊ. फ्रिज घेताना तो होता, सोफा घेताना होता, दुकानाची जागा घेताना तर त्याने मला वाचवलं. त्याचं काम एकच, नको म्हणायचं. मी दुसऱ्या दिवशी तोंड पाडून जायचो, "मला पसंत आहे हो, पण मावसभाऊ नको म्हणतोय," आणि समोरचा हळूच किंमत उतरवायचा.

जाकीटने विचारलं, "गाड्यांतले आहेत का ते?"

थाप मारायची तर लोणकढीच मारावी, या मताचा मी. "गाड्यांतला म्हणजे काय. पण त्याची तऱ्हाच वेगळी. तो गाडी पुढून बघतच नाही. आधी मागच्या सीटवर मधोमध बसतो, डोळे मिटून. मग सांगतो, गाडीत काय आहे ते."

"इंजिन नाही बघत?"

"इंजिन सगळेच बघतात."

जाकीटने मान हलवली. त्याला पटलं होतं. खरं तर बोलता बोलता मलाही थोडं पटलं. नव्या गाडीच्या शोरूममधल्या विक्रेत्या मुलीलाही मी हेच सांगितलं, वर पदरची भर घालून, की एकदा त्याने एक कोरी गाडी नुसती हुंगून नाकारली होती.

३

दुकानात एक शिक्षक खुर्चीत बसले होते, नाकावर तपासणीची जड चौकट, समोर अक्षरांचा तक्ता. फोन वाजला. जाकीट.

"साहेब, तुमचे मावसभाऊ येऊन गेले."

"कोण?"

"मावसभाऊ. तुम्ही म्हणाला होता तसेच, थेट मागे बसले. डोळे मिटून. आम्ही आवाजसुद्धा केला नाही."

"आणि काय म्हणाले?"

"नको म्हणाले," जाकीट उदास होऊन म्हणाला.

मी शिक्षकांना दोन वेळा तीच काच दाखवली आणि त्यांनी दोन वेळा वेगळी उत्तरं दिली. मला मात्र हसू येत होतं. चोरावर मोर भेटला होता. जाकीटने माझी थाप ओळखली आणि मलाच परत विकली. असा माणूस मला आवडतो. संध्याकाळी मी मुद्दाम आवारात गेलो.

"दिसायला कसे होते हो आमचे बंधुराज?" मी डोळा बारीक करून विचारलं.

जाकीटने डोळा बारीक केला नाही. तो विचार करू लागला. "दिसायला म्हणजे... माणसासारखे," तो म्हणाला आणि स्वतःच्या उत्तराने थोडा ओशाळला. "नाही, म्हणजे चांगलेच होते. आता आठवत नाहीये."

मी गाडी चालवून बघतो म्हणालो. एकटाच निघालो. स्पोर्ट मोडवर बोट ठेवलं तशी गाडी अंग आवळून पुढे झाली. पहिल्या वळणावर मागून चामड्याचा आवाज आला, जड माणूस एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर भार घेतो तसा. दुसऱ्या वळणावर उलट दिशेने आला. चामडं उन्हात वाळलं की कुरकुरतं, हे मला माहीत आहे. वळणावर कुरकुरतं, हेही पटण्यासारखं आहे. पुढे सिग्नल लागला. मी ब्रेक दाबला आणि गाडी पूर्ण थांबल्यावर, अगदी निवांत, मागे कुणीतरी टेकून बसल्याचा आवाज आला.

मी आरशात बघितलं नाही. उगाच कशाला.

आवारात परतल्यावर मागचं दार उघडून पाहिलं. मधली जागा खोलगट झाली होती. जुनी गाडी, कुणीतरी बसत असणार. पण मधोमध कोण बसतं? खाली बोगद्यासारखा उंचवटा असतो तिथे, पाय कुठे ठेवायचे कळत नाही. मुलंसुद्धा तिथे बसायला भांडतात, आणि ती भांडणं न बसण्यासाठी असतात.

घरी पोचायच्या आत शोरूममधल्या मुलीचा फोन आला. तिचा आणि जाकीटचा काडीचा संबंध नाही.

"सर, तुमचे मावसभाऊ आले होते. त्यांनी नाही सांगितलंय. पण सर, एक सांगू? ते बराच वेळ मागे बसले होते, आणि सीटवरचं प्लास्टिक वाजलंच नाही. आम्ही कुणीही बसलो तरी केवढं वाजतं. मी म्हटलं, कसे बसलात हो? तर म्हणाले, सवय आहे."

४

रात्री जेवताना मी हा किस्सा रंगवून सांगितला. आमच्या घरी माझ्या किश्शांचं स्वागत ठरलेलं. बायको म्हणते "सोडली पुडी", लेक म्हणते "पुढची सोड". त्या दिवशी दोघींपैकी कुणीच काही म्हणालं नाही.

"दोन्ही नको म्हणाले म्हणजे मग घ्यायची कुठली?" बायकोने विचारलं. "त्यांना एकदा नीट विचार ना."

"कुणाला?"

"भावोजींना."

मी चमचा खाली ठेवला. "तुला माहीत आहे ना, असा कुणी नाहीये?"

"असं बोलू नये," ती म्हणाली. शेजारच्या खोलीत पाहुणा झोपला असताना माणूस ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात. "मला म्हणालास ते म्हणालास. पोरीसमोर नको."

"काका म्हणतात जुनी घ्या," लेक म्हणाली. "नवीवर हात बसत नाही, सारखी ओरखड्याची भीती वाटते. जुनी माफ करते म्हणे."

"कुठला काका?"

"बाबा, पुरे आता."

"दिसतो कसा तो?"

तिने तोंड उघडलं आणि तशीच थांबली. तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीपाशी माणसं थांबतात तशी, की अक्षर आहे, पण कुठलं ते सांगता येत नाही. "बरे आहेत की. शिकवणार आहेत मला गाडी."

"तुला मी शिकवणार आहे."

"तू ओरडतोस," ती सहज म्हणाली आणि ताट उचलून गेली. "ते ओरडत नाहीत."

मी स्वतःची समजूत घातली. वर्षानुवर्षं मी यांना थापा ऐकवल्या, आता शेरास सव्वाशेर म्हणून तिघा-चौघांनी मिळून माझी फिरकी घेतली असणार. जाकीटलाही सामील केलं, शोरूममधल्या मुलीलाही. होऊ शकतं. अडचण एकच होती. माझ्या बायकोला साधं वाढदिवसाचं गुपित पोटात ठेवता येत नाही. खोटं बोलायला लागली की तिचा खालचा ओठ एका बाजूला पळतो. त्या दिवशी तो जागच्या जागी होता.

५

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि दुपारीच आईच्या खोलीत जाऊन बसलो. ती जुना स्वेटर उसवून लोकरीचा गुंडा करत होती. स्वेटर माझ्या लहानपणचा, तपकिरी.

"आई, तुला बहीण होती का गं?"

"मला कुठली बहीण? एकटीच मी."

छातीवरचा दगड उतरला. म्हातारीची स्मृती अजून खणखणीत होती. "तेच तर म्हणतो मी. मावशी नाही, तर मला मावसभाऊ कसा असेल?"

गुंडा फिरायचा थांबला. "म्हणून तर मी त्याला कधी विचारत नाही, तू कुणाचा म्हणून."

खिडकीबाहेर कुणीतरी कार मागे घेत होतं, तिचा पीप पीप आवाज येत होता. तो थांबल्यावर मी विचारलं.

"इथे येतो तो?"

"तू दुकानात असतोस तेव्हा."

"काय करतो?"

"बसतो. तुझं विचारतो. लहानपणी कुठे पडलास, कशाला भ्यायचास, कुठल्या मास्तरांची नक्कल करायचास. मी सांगते. म्हातारीला एरवी कोण विचारतं?" तिने पुन्हा लोकर ओढायला घेतली. बाहीचा आकार हळूहळू नाहीसा होत होता. "मग तेच मला परत सांगून दाखवतो. तुझ्यापेक्षा छान सांगतो. तू फार वाढवून सांगतोस रे. तो जेवढं असतं तेवढंच सांगतो."

"आई, तो बाहेरचा माणूस आहे. घरात घेऊ नकोस त्याला."

"हळू," आई म्हणाली आणि दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. पण ती बघत राहिली, आणि मग ज्याच्याशी रोजची ओळख आहे अशा माणसाकडे बघून हसतात, तशी थोडीशी हसली.

६

थापेला उतारा थापेचाच. मी निर्माण केला, तर संपवणारही मीच. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, काचा पुसायच्याही आधी, जाकीटला फोन लावला आणि आवाज जड केला. जड आवाज मला उत्तम जमतो.

"एक वाईट बातमी आहे. आमचे मावसभाऊ गेले. काल, एकाएकी. त्यामुळे गाडीचा विषय आता नकोच."

पलीकडून फोनवर तळहात ठेवल्यासारखा आवाज, कुणाशी तरी बोलणं, आणि चार-पाच माणसांचं मोकळं हसणं. त्यातलं एक हसणं माझ्या लेकीचं होतं. ते मी गर्दीतही ओळखतो.

"कोण बोलताय आपण?" जाकीटने विचारलं.

मी नाव सांगितलं. चष्म्याचं दुकान, तेही सांगितलं.

"अहो, चष्मेवाले साहेब तर इथे माझ्यासमोर बसलेत. घरची मंडळी पण आहेत, गाडी न्यायला आलीत." तो थांबला. मग त्याच्या आवाजात एकदम ओळख उगवली. "हां, म्हणजे तुम्ही ते मावसभाऊ होय! साहेब सांगतच होते, तुम्ही फार गमत्ये आहात म्हणून. बरं झालं फोन केलात. साहेबांना गाडी पसंत आहे, पण म्हणतात, मावसभावाला दाखवून सांगतो. तुमच्यासाठीच अडलंय सगळं. येता का?"

फोन ठेवल्यावर मी काउंटरवरच्या छोट्या आरशात पाहिलं. मीच होतो. बुबुळाशेजारचा तीळसुद्धा जागेवर होता. पण मनातून एक साधी गोष्ट जाईना. मामा-भाचा, काका-पुतण्या ही नाती एका बाजूने वेगळी आणि दुसऱ्या बाजूने वेगळी. मावसभाऊ तसं नाही. मी ज्याचा मावसभाऊ, तो माझा मावसभाऊ. हे नातं इकडून बघा, तिकडून बघा, सारखंच दिसतं. इतकी वर्षं मी ते एकाच बाजूने बघत होतो.

७

आवारात रखरखीत ऊन होतं. निळी गाडी शेडच्या बाहेर, तोंड रस्त्याकडे करून उभी, इंजिन चालू. लेक स्टिअरिंगवर होती, दोन्ही हात जिथे असायला हवेत तिथे. मागे बायको आणि आई. पुढच्या काचेवर सूर्य असा पडला होता की लेकीच्या शेजारची जागा नुसती पांढरी दिसत होती. त्या पांढऱ्यातून एक बाही बाहेर आली होती आणि खिडकीच्या कडेवर टेकली होती.

मी थेट लेकीच्या खिडकीशी गेलो. "उतर."

तिने काच आणखी खाली केली आणि हसली. लग्नकार्यात एखादा अर्धवट ओळखीचा नातेवाईक भेटल्यावर हसावं तशी. "काका, हो म्हणा ना प्लीज. मला जायच्या आधी शिकायचंय."

"अगं, बाबा आहे मी."

ती जास्तच हसली. "बाबा म्हणालेच होते, तुम्ही असं काहीतरी करणार म्हणून."

मी मागे बायकोकडे पाहिलं, तिच्या खालच्या ओठाकडे. तो शांत होता. आई आपल्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा सांभाळत बसली होती, वर बघत नव्हती.

जाकीट हात चोळत आला. "बोला साहेब. तुमच्या शब्दावर आहे."

डोकं कधी नव्हे ते भराभर चालू लागलं. हो म्हटलं तर गाडी जाणार, पोरीसकट. नको म्हटलं तर सौदा मोडला, आणि सौदा मोडला की माणसं उतरतात. बाकीचं नंतर बघू, घरी गेल्यावर, आधी पोर गाडीतून खाली आली पाहिजे. मी सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज लावला.

"नको. गाडीत खोट आहे. ही घ्यायची नाही. उतरा सगळे."

कुणी उतरलं नाही. शेजारच्या पांढऱ्या जागेतून एक समाधानी सुस्कारा ऐकू आला. मग आवाज आला, खालच्या पट्टीतला, जराही न वाढवलेला.

"ऐकलंत ना? माझी तर इच्छा होती. पण हा नको म्हणतोय म्हटल्यावर, या भावात मी कसा घेऊ?"

जाकीटने मान खाजवली. माझ्याकडे एकदा रागाने बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि वाकून खिडकीत हळू आवाजात नवा भाव सांगितला. बाही आत गेली. हात मिळवल्याचा आवाज आला. सौदा झाला. इतक्या दुकानांतून, इतक्या वेळा, असाच झाला होता.

मी दाराची मूठ धरली. आतून कुलूप पडल्याचा खट्ट आवाज झाला. गाडी गिअरमध्ये टाकली की ते आपोआप पडतं, नव्या-जुन्या सगळ्या गाड्यांत पडतं. लेकीने ब्रेक सोडला, इतका अलगद की गाडीला कळलंही नसेल. कुणीतरी नीट शिकवलं होतं. मी मूठ न सोडता बाजूने चालू लागलो, मग पळू लागलो.

फाटकापाशी गाडी वळली आणि क्षणभर शेडची सावली पुढच्या काचेवर आली. पांढरं निघून गेलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यभराची सवय, माणूस समोर आला की माझी नजर आधी मापं घेते. नाकाचा पूल, कानांमागची जागा, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर. मी मापं घेऊ लागलो. त्याने मान माझ्याकडे वळवली, सावकाश, मला पुरेसा वेळ देत. आणि चष्मा कुठे टेकवायचा ते मला सापडेना.

मूठ हातातून सुटली. मागची काच थोडी खाली आली. बायकोने डोकं बाहेर काढलं, उडणारे केस हाताने धरले आणि मी उभा होतो तिथे बघून, मनापासून, घरी पाहुण्याला म्हणते त्याच आर्जवाने म्हणाली,

"या ना भावोजी, एकदा निवांत घरी."